मेमरी नीट बसली नव्हती

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या घराला माहीत आहे, आणि मला त्याचं फारसं वाईट कधी वाटलं नाही. मी बोलते आणि मोकळी होते, मनात काही ठेवत नाही, असं मी चारचौघांत कौतुकाने सांगायचे. मोकळी मी व्हायचे हे खरं. समोरच्याचं काय होतं ते बघायला मात्र कधी थांबले नव्हते.

मी घरी बसून डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करते. ते बोलून पाठवतात, मी कानाला हेडफोन लावून लिहून काढते; नावं-तारखा ताडून बघायला दवाखान्यातून पेशंटच्या कागदी फायलीही येत-जात असतात. काम बसून करायचं असलं तरी घाईचं असतं, कारण पलीकडे कुणीतरी पेशंट त्या कागदाची वाट बघत असतो. लॅपटॉप माझा जुना. हल्ली तो इतका रेंगाळायचा की एक फाइल उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. तेव्हा ताई म्हणाल्या की नवा घेऊ नकोस, मेमरी वाढवली की सुधारेल, मी घालून देते.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. नवऱ्याशी बिनसलं तशा एक बॅग घेऊन भावाकडे आल्या आणि आमच्या मागच्या खोलीत राहू लागल्या. राहणं म्हणजे तरी काय, त्या घरात आहेत हे कळायचंही नाही. आंघोळ आमच्या आधी, जेवण आमच्या नंतर, आणि टीव्हीचं रिमोट त्यांच्या हातात मी एकदाही पाहिलेलं नाही. मग चाळिशी उलटल्यावर त्यांनी लॅपटॉप दुरुस्तीचा कोर्स केला. आमचे हे हसले, मीही हसले. पण त्या नेटाने शिकल्या आणि चौकापलीकडच्या दुकानात चिकटल्यासुद्धा. मालकांनी महिनाभर काम बघतो, मग ठरवतो असं सांगितलं होतं. ठेवून घेतलं तर त्या स्वतःची खोली बघणार होत्या. एक दिवस भाजी निवडता निवडता त्यांनी मला हे सांगितलं आणि पुढे घाईघाईने म्हणाल्या की इथे काही कमी आहे म्हणून नाही हं.

तर मेमरी आली. मी टेबल रिकामं करून दिलं. मला पसारा सहन होत नाही, टेबलावर एक पिन जास्त दिसली तरी माझं डोकं फिरतं. त्या नादात मी टेबलावरचं सगळं खणात भरलं. ह्यांचा बिनवायरचा कीबोर्डही त्यातच तळाशी गेला. रविवारी माझ्या लॅपटॉपवर गेम खेळायला आणलेला तो, एरवी नुसता धूळ खायचा. ताईंनी लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढून ओळीने बशीत ठेवले, मेमरीची पट्टी बसवली. लॅपटॉप सुरू केला तर काय, फाइल डोळ्यांदेखत उघडली. मी शेजारणीला बोलावून दाखवलं.

आणि दोन-चार दिवसांत तो बीप वाजायला लागला.

सुरू करताना वाजायचा. कधी दोनदा वाजून गप्प, कधी लांबण लावायचा, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायचा. रोज वाजता तर एक वेळ परवडलं असतं. एक दिवस वाजायचा, दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखा वागायचा. मी ताईंना सांगितलं. त्यांनी पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबरने पुसली, परत बसवली. दुसऱ्या दिवशी सगळं गप्प. तिसऱ्या दिवशी पुन्हा बीप. मग त्या लॅपटॉप दुकानात घेऊन गेल्या, दिवसभर चालू-बंद करून पाहिला, तिथे एकदाही वाजला नाही. घरी आणला आणि सकाळी वाजला. जुन्या पट्टीवर दोष घालून पाहिला, नव्या पट्टीवर घालून पाहिला, दोन्हींच्या जागा बदलून पाहिल्या. माझा संयम मुळातच तोकडा, तोही संपत आला.

एकदा त्या हळूच म्हणाल्या की मेमरीचा दोष असता तर लॅपटॉप सुरूच झाला नसता, तुझा वाजतो पण सुरू होतो, म्हणजे दुसरंच काहीतरी आहे. मी म्हटलं, तुम्ही हात लावायच्या आधी तो वाजत होता का? बरोबरच होतं ना माझं. आधी वाजत नव्हता.

मग ती सकाळ आली. तातडीचा रिपोर्ट होता, डॉक्टरांचा एकदा फोन येऊन गेला होता, आणि लॅपटॉपने जो सूर लावला तो थांबेचना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई कामावर गेल्या होत्या. मी तो वाजता डबा बंद करून बगलेत मारला आणि तडक दुकान गाठलं.

दुकानात गर्दी होती. काउंटरपाशी एक बाई प्रिंटर घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यामागे दोघं-तिघं होते, आणि आत ताई मान खाली घालून कुणाच्या तरी लॅपटॉपचे स्क्रू लावत होत्या. मी लॅपटॉप काउंटरवर आपटलाच. मालकांनी सुरू केला. एक बीप नाही. मुलगी बघायला पाहुणे आल्यासारखा गुणी वागला मेला. आणि तो वाजला नाही म्हणून तर मी जास्तच भडकले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी उगाच आलेय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण आठवतं. शेवटचं वाक्य तर नीट आठवतं.

"घरातला एक लॅपटॉप यांना धड करता येत नाही, तुमच्या गिऱ्हाइकांचे काय करणार?"

ताईंनी मान वर केली नाही. हातातला स्क्रू मात्र तसाच राहिला. प्रिंटरवाल्या बाईंनी आपला प्रिंटर हळूच स्वतःकडे ओढून घेतला, आणि मालकांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. त्या दिवशी ताई दुपारीच घरी आल्या. मालकांनी सांगितलं होतं, आधी घरचा लॅपटॉप नीट करा, काय दोष होता ते मला कळवा, मग बघू.

त्या माझ्या टेबलाशी बसल्या. मी स्वयंपाकघरात होते, पण कान तिकडेच. बीप ऐकू यायचा, मग स्क्रूंचा आवाज, मग परत बीप. बराच वेळ असं चाललं. मग बीप थांबला तो थांबलाच. संध्याकाळी मालकांचा फोन आला तेव्हा मी तिथेच उभी होते. काय निघालं, असं त्यांनी विचारलं असणार. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मेमरी नीट बसली नव्हती. माझ्याच हातून राहिलं." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. त्या हो, हो म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या की उद्यापासून जायचं नाही, आणि पोळ्या मी करते असं म्हणून माझ्या हातातलं लाटणं घेतलं.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. मी म्हणत होतेच ना, असं वाटलं. रात्री ह्यांच्याजवळ ते बोलूनही दाखवलं. हे कूस बदलून झोपले.

त्यानंतर लॅपटॉप एकदाही वाजला नाही. ताई घरी असायच्या. घर आरशासारखं लख्ख झालं, माझे डबे घासून निघाले, जळमटं निघाली. खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही.

एक दिवस मी कपाटावरची धूळ झटकत होते. वर ह्यांचा कीबोर्ड दिसला. त्याला चिकटपट्टीने ते नखाएवढं डोंगल चिकटवून ठेवलं होतं, जे लॅपटॉपला कीबोर्ड जोडायला मागच्या बाजूला कायम खोचलेलं असायचं. वस्तू जागच्या जागी नसली की माझे हात शिवशिवतात. मी डोंगल सोडवून लॅपटॉपला लावलं, कीबोर्ड खणाच्या तळाशी घातला आणि त्यावर त्याच दिवशी दवाखान्यातून आलेल्या फायलींचा गठ्ठा दाबून बसवला. खण नीट लागला, मला समाधान वाटलं.

सकाळी लॅपटॉप उघडला आणि तो ओरडायला लागला.

पहिल्यांदा मनात आलं, पुन्हा मेमरी. तोंडात ताईंचं नाव आलंही होतं. तेवढ्यात डॉक्टरांची एक फाइल हवी म्हणून मी खण ओढला, गठ्ठा उचलला, आणि बीप बंद झाला. मी गठ्ठा हातात धरून उभी. परत ठेवला. लॅपटॉप बंद करून सुरू केला. बीप. गठ्ठा उचलला. बंद. फायली आल्या की खण भरायचा, गेल्या की रिकामा व्हायचा. भरल्या खणात कीबोर्डाच्या कळा दाबल्या जायच्या आणि बिचारा लॅपटॉप सांगत होता की कुणीतरी सारखी कळ दाबून धरलीय. दुकानात कसा वाजणार तो? कीबोर्ड माझ्या खणात होता. माझ्या व्यवस्थितपणाखाली चेपलेला.

मी तशीच उभी होते तेव्हा ताई दाराशी आल्या, बीप ऐकून आल्या असणार. उघडा खण, माझ्या हातातल्या फायली, सगळं त्यांनी पाहिलं. त्यांना जराही नवल वाटलं नाही. "तो वर कपाटावरच असू दे," एवढंच म्हणाल्या आणि मागच्या खोलीत निघून गेल्या.

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या दुपारीच माहीत झालं होतं. मालकांच्या फोनवर माझ्याकडे बघितलं तेव्हाही माहीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यामागे जावं, काहीतरी बोलावं असं वाटलं. पण मी कीबोर्ड आणि लॅपटॉप पिशवीत घातले आणि दुकानात गेले. घरातल्या घरात माफी मागायला मी मोकळी होते, पण मी त्यांना घरात कुठे बोलले होते?

दुकानात गर्दी होती आणि मला ती हवीच होती. तरी ओळखीचं कुणी नाही ना, हे मी आधी बघून घेतलं. इतकी मी धीट. मालकांनी माझ्याकडे पाहून चेहरा सावध केला. मी सांगितलं की ताईंची चूक नव्हती, चूक माझी होती. ते समजूतदारपणे हसले. म्हणाले, अहो बाई, त्यांनी स्वतः फोनवर कबूल केलं, आता घरचं माणूस म्हणून तुम्ही सावरून घेताय, मला कळतं. राग आला तेव्हा माझा शब्द न् शब्द यांनी खरा मानला होता, आणि आता खरं बोलतेय तर यांना ती दया वाटत होती.

मी काउंटरवर कीबोर्ड मांडला, त्यांचंच एक जाडजूड बिलबुक त्यावर ठेवलं आणि लॅपटॉप सुरू केला. तो वाजला. बिलबुक उचललं, थांबला. मागचे लोक पुढे येऊन बघायला लागले. मी पुन्हा करून दाखवलं. मालकांनी चष्मा वर केला, डोंगल काढून पाहिलं, लावून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मग त्या खोटं का बोलल्या?" त्यांनी विचारलं. "सरळ सांगायचं होतं मला. नोकरी गेली ना त्यांची."

उत्तर मला येत होतं. घरून निघाल्यापासून तेच एक येत होतं.

"माझ्या घरात राहतात म्हणून," मी म्हणाले. "मला खोटं पाडून त्या संध्याकाळी कुठे परत आल्या असत्या?"

मालक खाली बघत बिलबुक सारखं करत राहिले. मग म्हणाले की त्यांच्या जागी माणूस अजून घेतलेला नाही, उद्या पाठवा त्यांना. मी म्हटलं, मी पाठवणार नाही, मी पाठवणारी कोण, तुम्ही फोन करून बोलवा आणि काय झालं तेही तुम्हीच सांगा. त्यांनी लगेच फोन लावला. सगळं सांगितलं, अगदी नीट सांगितलं, माफी मागितली आणि उद्यापासून कायमच्या या म्हणाले. मी पिशवीचे बंद हातात धरून उभी होते. जरा हलकं वाटायला लागलं होतं.

मालक ऐकत होते. मग त्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"विचारतायत, वहिनीला चालेल का."