जाळी उचलल्यावर

कंचेत्ताने रिकामी टोपली लीसबेटच्या पायाशी आपटली.

"चाटूनपुसून नेलंस की गं सगळं! एखादं फळ तरी ठेवायचंस, नमुन्याला!"

लीसबेटला काही कळेना. हॉलंडहून निघाल्यापासून ती गावोगाव अशीच राहत आली होती. कुणाच्या शेतात सकाळी काम करायचं, बदल्यात झोपायला खोली आणि दोन वेळचं जेवण. दक्षिण इटलीत, कालाब्रियातल्या या डोंगरावर, साव्हेरियोच्या ऑलिव्हच्या बागेत, ती तोडणीच्या सुरुवातीलाच आली. हिवाळाभर राहायचं ठरलं होतं. पहिल्याच संध्याकाळी साव्हेरियो म्हणाला होता, "साहेब-बिहेब नको. काका म्हण मला. तू आता घरचीच." घरच्या माणसाने काम कधी संपणार असं विचारायचं नसतं. त्यामुळे सकाळचं काम दुपारवर गेलं आणि दुपारचं अंधार पडेपर्यंत. तरी ती खूश होती.

तिला काम नीट करायची खोड होती. झाडाखाली जाळी पसरायची, लांब काठीने फांद्या झोडायच्या, जाळीत पडलेली फळं खोक्यांत ओतायची, जाळी गुंडाळून पुढच्या झाडाखाली न्यायची, एवढंच खरं तर काम. पण जाळीबाहेर उडालेली, जाळी उचलल्यावर मागाहून गळलेली फळं मातीत पडलेली तिला बघवत नसत. ती गुडघ्यांवर बसून गवतातून एकेक वेचायची. "असे हात आमच्या बायकांना कुठले!" साव्हेरियो कौतुकाने म्हणायचा, की ही आणखी एका झाडाखाली वाकायची.

"वाया जातील म्हणून मी वेचली, मावशी," ती आता म्हणाली.

"वाया?" कंचेत्ताच्या मागे गावातल्या आणखी काही बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून कंचेत्ता म्हणाली, "ऐकलंत? आपल्या पोटात जातं ते वाया!" मग पुन्हा लीसबेटकडे. "जाळी उचलली की खाली राहील ते आम्हा बायकांचं. माझी आजी वेचायची, तिची आजी वेचायची. त्याच्याच तेलावर माझं घर वर्ष काढतं. पूर्वी तोडणीलाही आम्हीच असायचो. यंदा हा साव्हेरियो म्हणाला, पाहुणे आलेत, तुमची गरज नाही. म्हटलं, जाऊ दे, मजुरी गेली तर गेली, खालचं तर मिळेल. तेही तू ओरबाडलंस. आणि कशासाठी? एका खाटेसाठी!"

लीसबेटच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आपण कुणाचं काही घेत नाही, उलट देतो, या समजुतीवर तिने अर्धा युरोप पालथा घातला होता. ती तशीच तरातरा साव्हेरियोकडे गेली. तो तीनचाकी टेम्पोत खोकी रचत होता.

"काका, खाली पडलेली फळं बायकांची असतात?"

"आहे एक जुनी पद्धत."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"न ठाऊक असायला काय झालं? इथेच जन्मलो मी."

"मग मला बोलला का नाहीत?"

"मी वेच म्हणालो का? तूच वेचत होतीस. आता काम करणाऱ्याचा हात धरू की काय?" असं म्हणून तो हसला.

त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यांची त्यांना परत द्या."

"कुठली त्यांची नि कुठली माझी? सगळी मिसळली. उद्या घाण्यावर जातील." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ पोरी, तू परकी. गावाच्या भानगडीत पडू नकोस. वरचा टप्पा राहिलाय, तेवढा आज उरकून टाक."

काल रात्री सूप वाढताना ती घरची होती. आज तोंड उघडल्याबरोबर परकी झाली.

वरच्या टप्प्यावर बागेतली सगळ्यात जुनी झाडं होती. फळांनी फांद्या वाकलेल्या, खाली जाळ्या अंथरलेल्या. लीसबेटने काठी उचलली, पण हात चालेना. साव्हेरियो चोर होताच. पण चोराची पिशवी तिने धरली होती, तीही हसतहसत, शाबासकीच्या लोभाने. तिला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला.

तिने काठी खाली टाकली. वाकून जाळी गुंडाळायला घेतली. एका झाडाखालची, मग दुसऱ्या, मग टप्प्यावरची सगळी. भारे बांधावर फेकले आणि खाली हाक मारली, "मावशी! जाळी उचलली बघ!"

मग काठी घेऊन ती झाडावर तुटून पडली. काळी, टपोरी फळं उघड्या मातीवर सडासड पडू लागली.

आवाज ऐकून साव्हेरियो धापा टाकत वर आला. "अगं जाळी! जाळी घाल खाली!"

"उचलली, काका."

"डोकं फिरलं का तुझं? माझी झाडं आहेत ही!"

बायका टोपल्या घेऊन बांधावर थबकल्या होत्या. कंचेत्ता एकटी पुढे आली. तिने जमिनीकडे पाहिलं, भाऱ्यांकडे पाहिलं.

"झाडं तुझीच रे, साव्हेरियो. कोण नाही म्हणतंय? जाळी उचलली आहे की नाही, तेवढं सांग."

या बायकांसमोर 'नाही' म्हणायचं, तर संध्याकाळपर्यंत गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती. तो लीसबेटवर उलटला. "आत्ताच्या आत्ता खोली रिकामी कर! सामान फेकतो मी बाहेर!"

"फेका," ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाची फांदी झोडली.

तो शिव्या देत उतरून गेला. बायका वेचायला लागल्या. शेवटचं झाड झोडून झालं, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लीसबेट काठीला टेकून उभी राहिली. कुणीतरी काहीतरी बोलेल असं तिला वाटलं.

"उभी काय राहिलीस?" कंचेत्ता मान वर न करता म्हणाली. "वाक. वेचता तर झकास येतं तुला."

लीसबेटने गुडघे टेकले आणि कंचेत्ताच्या टोपलीत फळं टाकू लागली. रात्री झोपायचं कुठे, हे तिने विचारलं नाही, आणि कंचेत्तानेही सांगितलं नाही.