केसपेपरवरचा शाकाहार

चार महिने बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या गिळूनही विश्वजितच्या रक्तातला आकडा जागचा हलला नव्हता. जिन्याच्या पाच पायऱ्यांत दम लागे. पायांना मुंग्या येत. दूध संघातल्या ज्या यंत्रांचे शिक्षण घ्यायला तो सहा महिने जपानात राहून आला, त्यांच्यापुढेच दुपारी भिंतीला टेकून उभा राही.

दुखण्याचे कारण पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहिले गेले होते: ‘शुद्ध शाकाहारी’. ते त्याने सांगितले नव्हते, अप्पांनी सांगितले होते. दर खेपेला वडील शेजारच्या खुर्चीत बसत आणि मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपणच देत.

आजही डॉक्टर राजनंदिनींनी अहवाल बाजूला सारून विचारले, “जपानात कच्चं मांस, कच्चा मासा, काही खाण्यात आलं होतं?”

“छ्या! आमच्या घरात अंडं येत न्हाय, डॉक्टरबाई. ह्यो दोन वर्साचा असताना तापानं फणफणला. नृसिंहवाडीला दत्तापुढं बोललो, पोरगं वाचू दे, मटणाला शिवणार न्हाय. तीस वर्सं झाली! पांढऱ्या रश्श्याचा वास आला की गल्ली बदलतोय.”

ज्याच्यासाठी बापाने कोल्हापुरात राहून तीस वर्षे जीभ मारली, त्यानेच परमुलखात चवीने मासा खाल्ला, हे कोणत्या तोंडाने सांगावे? परंतु लपवायलाही बळ लागते, आणि ते आता उरले नव्हते.

“खाल्ला,” विश्वजित म्हणाला. “कच्चा मासा. दर शनिवारी.”

डॉक्टरांनी केसपेपरवरचे दोन शब्द खोडले. “हे आधी सांगायचं नाही का? माशातून पट्टकृमी पोटात जातो, कित्येक हात लांब वाढतो. तुमच्या गोळ्या तोच खात असणार. उद्या शौचाचा नमुना द्या. तो सापडला, तर चार गोळ्या, एकाच वेळी घ्यायच्या.”

बाहेरच्या बाकावर अप्पा मुलाशेजारी टेकले.

“नवस माझा हुता,” ते म्हणाले, “तुझा न्हवता.”

“अप्पा, मी...”

“गप. तू जगावास म्हणून मटण सोडलं. आन् तू माझ्या भ्यानं चार महिनं झुरत बसलास व्हय रं?” जरा थांबून त्यांनी विचारले, “कच्चाच? चटणी तरी लावलीवतीस?”

दुसऱ्या सकाळी विश्वजितला उठवेना. वर्तमानपत्रात गुंडाळलेली डबी घेऊन अप्पाच प्रयोगशाळेत गेले. दुपारी कृमीवर शिक्कामोर्तब झाले. संध्याकाळी त्यांनी पाण्याचा तांब्या मुलापुढे ठेवला, आणि शेवटची गोळी घशाखाली उतरेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.