जनाबाईचा हुंकारा

“माज्या आयचा गला दाबला तुमी,” चंद्रभागा म्हणाली आणि कॅसेट तिने वाचनालयाच्या अध्यक्षांच्या कपबशीशेजारी ठेवली. आपटणारच होती, पण हात धजला नाही.

अध्यक्षांनी आधी कॅसेटकडे पाहिलं, मग दाराकडे, मग बाईच्या पायांकडे.

“चपला बाहेर काढल्यात ना?”

“पाटी पन भायेरच ठेवलीय. वास नाय येनार तुमाला.”

वाचनालयाच्या नव्या बालविभागाचं उद्घाटन होऊन आठवडा झाला होता. बुटकी टेबलं, बुटक्या खुर्च्या, आणि त्यांना अध्यक्षांच्याच मानपाड्याच्या कारखान्यातला पिवळाधमक रंग. भिंतीलगत नवीकोरी पुस्तकं. काहींची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. शेजारच्या काचेच्या कपाटात गोष्टींच्या कॅसेट, कंपनीच्या, चकचकीत वेष्टनातल्या. कपाटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘या मुलांनो, ऐका!’ कपाटाला कुलूप होतं. किल्ली सुमतीच्या कमरेला होती. सुमती वाचनालयाची चिटणीस, बिनपगारी. ती कपाटापाशीच उभी होती आणि चंद्रभागेने दारातून आत पाऊल टाकल्यापासून तिने मान वर केली नव्हती.

चंद्रभागेच्या मागे तिची पोर मनू उभी होती. तेल लावून चापून बसवलेले केस, शाळेचाच फ्रॉक. आज कॅसेट ऐकायची म्हणून ती नटून आली होती आणि ऐकूनही झाली होती.

“सुमतीबाई, काय प्रकार आहे हा?” अध्यक्षांनी विचारलं. “या कोण?”

“आमच्याकडे मासे देते,” सुमती म्हणाली. “चंद्रभागा. खाडीवरच्या कोळीवाड्यातली.”

आमच्याकडे मासे देते. बारसं, आजारपण, नवऱ्याची बदली, मुलाचं लग्न, सगळं त्या दाराच्या उंबऱ्यावर बसून दोघींनी एकमेकींना सांगितलेलं. त्या सगळ्याची मिळून किंमत एवढीच निघाली.

गेल्या चैत्रात सुमतीच तिच्या उंबऱ्यावर बोलली होती. “चंद्रभागा, तुझी आई गोष्टी सांगते म्हणतेस ना? आपल्या वाचनालयात मुलांचा विभाग निघतोय. आजीच्या आवाजातल्या गोष्टी ठेवायच्या आहेत कॅसेटवर. छापील गोष्टी काय, कुणीही आणेल गं. ही खरी आपली.”

‘आपली’ या शब्दावर चंद्रभागा विरघळली. तिचा नवरा कान्हा मोहन्याच्या कारखान्यात पाळीवर होता. घरी येताना त्याने कल्याणहून कोरी कॅसेट आणली आणि तिच्यावर लाल पेनाने एक मासा काढला, ओळखू यावी म्हणून. सुमतीने शब्द दिला. आम्ही आमच्यासाठी कॉपी काढून घेऊ, तुमची कॅसेट तुम्हाला परत. चंद्रभागेने त्या आठवड्यात घरी न खाता एक जिताडा, खाडीतला सगळ्यात मोलाचा मासा, तिच्या दारी नेऊन ठेवला. खाडीकाठची माणसं जिताडा कुणालाही देत नाहीत. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा, त्याला देतात.

सुमती टेपरेकॉर्डर घेऊन आली तेव्हा चंद्रभागा बाजारात होती. घरी जनाबाई आणि मनू, दोघीच. काय झालं ते मनूने नंतर आईला सांगितलं होतं, आणि सांगताना ती रडली होती.

जनाबाईची गोष्ट सांगायची एक रीत होती. दोन वाक्यं बोलायची आणि थांबायची. ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचं. मग पुढचं. हूं आला नाही, तर ऐकणारा झोपला असं धरायचं आणि गोष्ट तिथेच ठेवून द्यायची. रिकाम्या घराला गोष्ट सांगू नये, असं ती म्हणायची. त्या दिवशी मनूने पहिला हूं दिला आणि सुमतीने तिच्या तोंडावर हात ठेवला. प्रेमानेच ठेवला. “शू! बाळा, मध्ये बोलायचं नाही. ते पण कॅसेटवर येतं.”

जनाबाई थांबली. वाट पाहिली. “हूं बोल ना गो,” म्हणाली. सुमतीने हातानेच खूण केली, पुढे चला, पुढे चला. म्हातारी नाइलाजाने दोन वाक्यं पुढे गेली, पुन्हा थांबली. मनू तोंडावरचा हात काढून बांधावर पळाली, ती अंधारून येईपर्यंत परत आली नाही. गोष्ट मात्र त्या दिवशी शेवटपर्यंत गेली. जनाबाईच्या आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच.

श्रावण लागायच्या आत जनाबाई गेली.

“हे पाहा बाई,” अध्यक्ष आता समजुतीच्या सुरात आले, “गला दाबला वगैरे भाषा बरी नाही. झालंय काय? कॅसेट हवी आहे? सुमतीबाई, यांना कपाटातली एक द्या. दोन द्या. मुलगी गोड आहे.”

“मना दुसरी नको. माजी आय हाय ना, ती पायजे.”

“आई कॅसेटमध्ये...” अध्यक्षांनी सुमतीकडे पाहिलं.

सुमती शेवटी बोलली. “अहो, ते आपण चैत्रात रेकॉर्डिंग केलं होतं ना, खाडीकाठचं. कमिटीत थोडंसंच ऐकलं होतं आपण. सदोष म्हणून बाजूला काढलेलं.”

“हां, ते!” अध्यक्षांना आठवलं, आणि आठवल्याचं समाधानही वाटलं. “ते घेण्यासारखं नव्हतंच हो. मध्ये मध्ये नुसती शांतता. मुलांना वाटायचं मशीन बंद पडलं. आणि त्या आजीबाई मधेच कुणावर तरी ओरडतायत.”

“ती वरडत नव्हती,” मनू पहिल्यांदाच बोलली. “ती मना हूं बोलाला सांगत व्हती.”

“बरोबर आहे तुझं,” अध्यक्ष म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले. मनू आईच्या मागे सरकली.

“बाजूला काढलं, तर मना द्यायचं व्हतं,” चंद्रभागा सुमतीला म्हणाली. “मी इचारत व्हते ना? गोपाळकाल्याला इचारलं. दसऱ्याला इचारलं. तू काय बोल्लीस वयनी? कॉपीला टाकलीय. नीट कॉपी काढून देतेव, घाई नको.”

“अगं, देणारच होते मी.”

“काय देनार व्हतीस?”

सुमतीने किल्ल्यांचा जुडगा उगाचच दुसऱ्या बाजूला खोचला. “उद्घाटनाच्या दिवशी ऐन वेळी कोरी कॅसेट मिळेना. रविवार, दुकानं बंद. भाषणं रेकॉर्ड व्हायलाच हवी होती. ड्रॉवरमध्ये ही एकच होती. मला वाटलं... अगं, खराबच झालेली ना ती?”

“झालेली का केलेली?”

खाली रस्त्यावर रॉकेलच्या गाडीची घंटा वाजली आणि लांब गेली.

तासाभरापूर्वी चंद्रभागेने नेहमीची पाटी अर्धी विकून बाजूला ठेवली होती आणि लेकीला घेऊन इथे आली होती. ऐकायला आलो, असं तिने दारातल्या माणसाला ऐटीत सांगितलं होतं. आमचीच हाय, लाल मासा काढलेली. त्याने शोधून दिली. मनूच्या कानाला हेडफोन लावला. मनू कान टवकारून बसली, मग तिचा चेहरा आधी गोंधळला आणि मग मिटला. “आये, यात बुवा हाय,” ती म्हणाली.

त्या बुवानेच आता कपातला उरलेला चहा संपवला.

“मी काय सुचवतो,” तो म्हणाला, “पुढच्या वर्षीच्या अहवालात तुमच्या आईंचा उल्लेख करू. नावासकट. काय नाव?”

“जनाबाई.”

“जनाबाई काय?”

चंद्रभागेने टेबलावरची कॅसेट उचलली, टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि हेडफोनची वायर उपटून काढली. कोळंबी सोलणाऱ्या बोटांना बटण कळायला वेळ लागला नाही.

“अहो, सरकारी अनुदानातलं आहे ते यंत्र!”

“ऐकवा ना तुमचं भाषन. सगल्यांना ऐकवा.”

अध्यक्षांचा आवाज खोलीत घुमला. उपस्थित मान्यवर, बालगोपाळ. मग मुलांच्या हाती संगणक येऊ घातलेल्या नव्या युगाबद्दल. मग, “आपल्या मातीतल्या आजीच्या गोष्टी आज लोप पावत आहेत. तो ठेवा जतन करणं हे या वाचनालयाचं व्रत आहे,” आणि टाळ्या. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. टेबलाशी बसलेल्या अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं.

टाळ्या मधेच तुटल्या. खट् असा आवाज, मग नुसती खरखर.

“संपलं ते,” सुमती पुढे झाली. “दुसऱ्या बाजूला प्रमुख पाहुण्यांचं आहे. पूर्ण बाजू. बंद कर आता, चंद्रभागा.”

तिचं बोट बटणापर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं.

“...रोज सुकतीला बंदरावर जाची ती पोर,” टेपमधून म्हातारी म्हणाली.

मनूने आईचा पदर धरला. भाषण बाजूपेक्षा आखूड निघालं होतं. त्याच्या मागे जेवढी पट्टी उरली होती, तेवढी जनाबाई उरली होती. तिच्या तोंडी खाडीची खारी व्हायची, होडीची होरी आणि ओहोटीची सुकती, तसंच.

“बाप जेलेला भरतीला, तो आलाच नाय. होरी पन नाय.”

थांबली. खरखर. कुणाची तरी वाट बघणारी ती शांतता आता खोलीभर होती, आणि ती शांतता म्हणजे बंद पडलेलं यंत्र नव्हे हे तिथल्या सगळ्यांनाच कळत होतं.

“हूं,” मनू हळूच म्हणाली.

“पोर बोल्ली, खारी गो खारी, तू भरतीला नेतंस तं सुकतीला परत देतंस. सगलं गाव सांगतंय. मंग माजा बाप कवा देशील? सांग.”

“हूं.”

“तवा खारी बोल्ली...”

म्हातारी थांबली. “हूं बोल ना गो. पोर कुठं जेली?” आवाज जरा चिडका, जरा थकलेला. मग खाट करकरल्याचा आवाज, कुणीतरी जवळून कुजबुजल्यासारखं ‘बोला, आजी, बोला’, तो आवाज सुमतीचाच. मनूने मोठ्याने, अगदी यंत्राला तोंड लावून म्हटलं, “हूं!”

बटण आपोआप वर आलं. बाजू संपली होती.

चंद्रभागेने कॅसेट काढली, उलटी केली, पुन्हा घातली. प्रमुख पाहुणे खोकले आणि त्यांनी व्यासपीठावरच्या सर्वांना नावानिशी नमस्कार केला. तिने बंद केलं.

“पुढं काय व्हतं गो आये?” मनूने विचारलं.

चंद्रभागेला माहीत नव्हतं. तिने ही गोष्ट लहानपणी असंख्य वेळा ऐकली होती, मनूने ऐकली होती, कान्हाच्या मांडीवर त्याच्या भाच्यांनी ऐकली होती. पोर सुकतीला बंदरावर जायची, तिथवर प्रत्येकाला यायचं. तिथवरच. त्याच्या पुढे हूं देण्याइतकं जागं कुणी कधी राहिलंच नव्हतं, आणि हूं नाही तर गोष्ट नाही. शेवट झाला तो एकदाच, चैत्रात, एका दुपारी. तेव्हा ऐकायला घरात एकच माणूस होतं.

ती सुमतीकडे वळली. सुमतीचे ओठ थोडे उघडे होते. काहीतरी आठवायचा प्रयत्न तिच्या कपाळावर दिसत होता, आणि काही येत नव्हतं हेही दिसत होतं. त्या दुपारी तिची नजर टेपरेकॉर्डरच्या लाल दिव्यावर होती. तो विझू नये, एवढीच काळजी.

“चंद्रभागा, अगं, मी तेव्हा...”

“माजं सोर. मना तुजं काय नको, तुजी कॅसेट नको, तुजा अहवाल नको.” चंद्रभागेने मनूला खांद्याला धरून पुढे केलं, सुमतीच्या अगदी समोर, उंबऱ्यावर पाटी उतरवावी तशी. “हिला सांग. तू व्हतीस तिकरं वयनी, तूच एकली व्हतीस. खारी काय बोल्ली?”