मागच्या सीटचं कव्हर

रोवेना पडली त्या दिवसापासून जेन्सनच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. सीट निसरडी होती.

भर पावसाळ्यातली सकाळ होती. बायकोला वसईतल्या तिच्या लॅबपाशी सोडायचं आणि पुढे पूर्वेच्या कारखान्यात जायचं, हा त्याचा रोजचा रस्ता. पापडीच्या अलीकडे पाण्याखालचा खड्डा त्याला दिसला नाही. बाइक उसळली, त्याने ती कशीबशी सावरली आणि वळून पाहिलं तर रोवेना रस्त्यात बसलेली, एका हाताने दुसरा हात धरून. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याला स्वतःला साधं खरचटलंही नव्हतं, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.

हाड जुळून आलं. पाऊस संपला तेव्हा तिचा हात पुन्हा डोक्याच्या वर जायला लागला आणि ती रिक्षाने कामावर जाऊ लागली. जेन्सनने मात्र सीटचा ध्यास घेतला. जुनं रेक्झिन गुळगुळीत झालंय, ओलं झालं की त्यावर माणूस टिकत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कव्हर बदलायचं हे नक्की. कशाचं, तेच ठरत नव्हतं.

तुळिंजला सॅमी नावाचा एक जण सीटा शिवायचा. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. लेदर बसायला चांगलं, अंग धरून ठेवतं, पण आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत त्याला बुरशी येते, आणि भिजलं की सुकता सुकत नाही. रेक्झिन फडक्याने पुसलं की झालं, पण ते उन्हात तापतं आणि पुढे तडकतं. जेन्सनने लेदर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून थांबवलं. मग रेक्झिन सांगितलं. तेही थांबवलं. शेवटी सॅमीने त्याच्या हातात दोन्हींचे तुकडे ठेवले आणि घरी जाऊन एकदाचं काय ते ठरवा म्हणाला.

गिरीजच्या घरी, पडवीतल्या बाकावर, जेन्सनने ते तुकडे शेजारी शेजारी ठोकले. कामावरून आला की तो त्यांवर बादलीने पाणी ओतायचा आणि ओल्या पँटनिशी बसून पुढे-मागे सरकून बघायचा. त्याची आई, कॅथरिन, दारात वाल सोलत हे बघत असायची. सणाला पाहुणे येतील, त्याआधी बाक मोकळा कर, एवढंच ती म्हणाली. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तो जेवायचाही उभ्याने. रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेला तर गुडघे टेकायच्या फळीवरचं रेक्झिन अंगठ्याने घासत बसायचा. रोवेनाने एकदा त्याचा हात धरून बाजूला केला, तर थोड्या वेळाने तो पुन्हा तिथेच गेला.

त्याच रविवारी घरी आल्यावर त्याने तुकडे भिजवले आणि तिला बाकावर बसायला सांगितलं. पडली ती होती, तेव्हा तिलाच कळेल, असं त्याला वाटलं. ती आधी एका तुकड्यावर बसली, मग दुसऱ्यावर. कुठला जास्त धरतो, असं त्याने विचारलं. ती उठली आणि ओला झालेला स्कर्ट झटकत उभी राहिली.

“जेन्सन, मी सीटमुळे नाही पडले. मला खड्डा येतोय हे कळलंच नाही. मागे बसलं की मला तुझी पाठ दिसते. गाडी कधी वळणार, कधी थांबणार, काही कळत नाही.”

“म्हणून तर म्हणतो, पकड चांगली हवी.”

“मला आता मागे बसायचंच नाही. कसल्याही सीटवर.”

तो त्या ओल्या बाकावर बसला. तिची भीती गेली नसेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. कारण ती कधी बोलली नव्हती, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. आता ही बाइक विकायची का, असं त्याने हळू आवाजात विचारलं.

“विकायची कशाला?” रोवेना म्हणाली. “मी चालवते. तू मागे बस.”

त्याने आधी साफ नाही म्हटलं. बाइक जड आहे, खांदा अजून नाजूक आहे, स्कूटी वेगळी आणि ही वेगळी. कॉलेजात असताना ती स्कूटीवरच फिरायची. लग्नानंतर घरात एक गाडी पुरे म्हणून ती विकली होती. खांद्याचं तिने डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. जेन्सन मागच्या केळीच्या वाडीत गेला, चकरा मारून परत आला, पुन्हा गेला. शेवटी घरात शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन्ही हेल्मेटं होती.

रोवेनाने गिअरच्या गाडीचं शिकाऊ लायसन्स काढलं. शिकवायचं म्हणजे जेन्सनला मागे बसणं भागच होतं. सुरुवातीला मैदानात गाडी सारखी बंद पडायची. मग ते भुईगावच्या रस्त्याला लागले. जेन्सनचा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रत्येक वळणाला त्याचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबायचा. तिच्या खांद्यावरून पुढचं बघायला तो कधी डावीकडे कलायचा, कधी उजवीकडे. एका आळीतून अचानक सायकल आडवी आली, रोवेनाने ब्रेक दाबला, तो पुढे घसरला आणि हेल्मेटवर हेल्मेट आपटलं.

तिने गाडी कडेला घेतली. “तू हललास की गाडी हलते,” ती म्हणाली. “गप बसायला जमेल का?”

“मला काही दिसत नाही,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. ती हसली नाही. पुढे निघाल्यावर मात्र ती प्रत्येक गोष्ट आधी सांगू लागली. आता डावीकडे, आता खड्डा, आता थांबते. तो हो हो म्हणत राहिला. घरी पोचेपर्यंत त्याची बोटं मागच्या दांडीला धरून आखडली होती.

तिला पक्कं लायसन्स मिळाल्यावर दोघं मिळून तुळिंजला गेले. सॅमीने काय ठरलं ते विचारलं, तेव्हा जेन्सनने रोवेनाकडे पाहिलं. तिने दुकानातले सगळे तुकडे चाचपून खरखरीत दाण्याचं काळं रेक्झिन निवडलं. पावसात पुसून लगेच बसता येतं, म्हणाली. जेन्सनला लेदरच्या तुकड्यावरून हात काढवत नव्हता, पण त्याने वाद घातला नाही. मागे बसणाऱ्याला धरायला जाड पट्टा हवा, चांगला जाड, एवढं मात्र त्याने सॅमीला पुन्हा पुन्हा बजावलं.

सॅमीने जुनं कव्हर ओढून काढलं आणि कामाला लागला. रोवेना स्टुलावर शांत बसून बघत होती. जेन्सन रस्त्यावर गेला, आत आला, शिवण बघितली, पुन्हा बाहेर गेला.

सोमवारी सकाळी लॅबपर्यंत तिने गाडी नेली. उतरून किल्ली त्याच्या हातात दिली आणि ती आत गेली. तो पुढे सरकून बसला. इंजिन चालू केलं तरी तो बराच वेळ निघाला नाही. संध्याकाळी ती सुटायच्या कितीतरी आधीच तो फाटकाशी येऊन थांबला होता, मागच्या सीटवर बसून.