चिंधी बांधलेला सलाईनचा स्टँड

त्या दिवशी सकाळी सखूबाईने रोजच्यासारखे मला ओल्या फडक्याने पुसले. माझा एक हुक धारदार आहे. त्याने तिची करंगळी कापली होती, तेव्हा तिने जुन्या लुगड्याच्या काठाची हिरवी चिंधी त्याच्यावर गुंडाळली. ती चिंधी घट्ट करत ती म्हणाली, "आता नाय चावायचं कुणाला." मित्रांनो, त्या दवाखान्यात माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती.

चिकलठाण्यात नवे कारखाने उभे राहत होते, त्या काळात एका पत्र्याच्या शेडमध्ये मला जोडले. पांढरा रंग लागला तेव्हा वाटले, आपण मोठ्या कामाला निघालो. औरंगपुऱ्यातल्या गल्लीत, या दवाखान्यात आलो तर कौतुकही झाले. खेड्यांतून येणारी माणसे गोळ्यांवर समाधानी नसत. "डाक्टर, बाटली लावा," म्हणत. माझ्यावर बाटली टांगली की घरच्यांचे चेहरे उजळत. मी मात्र दर वेळी भीत असे. गोळी पोटात विरघळायला वेळ लागतो. बाटलीतले थेट रक्तात उतरते. एकदा गेलेले परत घेता येत नाही.

सखूबाई दवाखाना झाडत असे. त्या सकाळी तिच्या अंगात ताप होता, पण तिने कोणाला सांगितले नाही. विद्यापीठाच्या नामांतराचे आंदोलन तेव्हा पेटले होते. दुपारी बातमी आली की संध्याकाळी संचारबंदी लागणार. डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकले. सखूबाईला न्यायला तिची मुलगी भामा आली. ती कॉलेजात शिकत होती.

कंपाउंडर रामकिसन दार लावायच्या घाईत होता. तरी त्याने सखूबाईच्या कपाळाला हात लावला.

"येवढ्या तापात कुठं चाललीस? बाटली लावतो, त्यातच सुई देतो. घरचं माणूस तू."

आमच्या दवाखान्यात ही रीतच होती. घरच्या माणसाची तपासणी नाही, विचारपूस नाही. आपुलकीने सुई मिळायची, आणि आपुलकीला प्रश्न विचारणे वाईट दिसायचे.

"लावा भाऊ. पन लवकर. भाकरी टाकायच्यात."

"आई, मागं फुलंब्रीला मामाकडं..." भामा म्हणाली.

"गप गं. भाऊ मायेनं देतोय अन् तू त्याची परीक्षा घेती व्हय? लई शिकली."

रामकिसन हसला. "कॉलेजातल्या पोरी सुईला भेत्यात, सखूबाई."

भामा गप्प झाली. तिने माझा दांडा धरला होता. तिची भीती माझ्या लोखंडात उतरत होती.

रामकिसनने सखूबाईला खाटेवर निजवून बाटली लावली, मग ताप आणि अंगदुखीची सुई नळीच्या रबरात टोचली. ती सावकाश द्यायची असते, माणसाच्या चेहऱ्याकडे बघत. त्याने दट्ट्या एका दमात दाबला. तो बघत होता दाराकडे.

"भामे, घसा आवळतोय गं," सखूबाई म्हणाली.

तिचे ओठ सुजू लागले. तिने नळी ओढली तसा मी हादरलो, बाटली माझ्यावर आपटली. रामकिसन अशा वेळी द्यायचे औषध शोधायला कपाटाकडे धावला. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली डॉक्टरांच्या खिशात. रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती. गल्लीतल्या माणसांनी तिला खाटेसकट उचलून मोठ्या दवाखान्याकडे नेले. मी अर्धी बाटली घेऊन तिथेच उभा राहिलो. ती परत आली नाही.

मग मला कोपऱ्यात ढकलले. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले, पायांना गंज चढू लागला. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मला दिसते, पण ओरडता येत नाही. तुम्हाला तोंड आहे. सुई लागण्याआधी ती कशाची ते विचारा. आधी काय घेतले, कशाने त्रास झाला, ते सांगा, मग समोर कितीही मोठा माणूस असो. आणि बाटली चालू असताना माणसाला एकटे सोडू नका.

तेराव्यानंतर भामा आईचा डबा न्यायला आली. त्याच दिवशी मला पुन्हा खाटेपाशी ओढले होते. लासूर स्टेशनहून आलेल्या साळूबाई तापाने फणफणल्या होत्या. डॉक्टरांनी बाटली टांगली, सुई भरली. तीच सुई. मला वाटले, आता मी कोसळणार.

भामा दारात थांबली. तिला हिरवी चिंधी दिसली. ती आत आली आणि तिने माझा दांडा धरला, त्या दिवशी धरला होता तिथेच.

"मावशी, ही तापाची सुई याआधी घेतली होती का? काही त्रास झाला होता?"

साळूबाईंनी डॉक्टरांकडे चोरून बघितले. "डाक्टरपुढं आपुन काय बोलावं, बाई? त्यांना समदं कळतं."

डॉक्टरांचा हात थांबला.

"माझ्या आईच्या अंगावर फुलंब्रीला ह्याच सुईनं गांधी उठल्या होत्या," भामा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण तिने तो खाली येऊ दिला नाही. "मला ठाऊक होतं, मावशी. मी गप्प बसले. तुम्ही बोला."