बटण नसलेला कॅमेरा

जपानातल्या सुवा तळ्याकाठच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या कारखान्यात हात्सुए मिकोशिबा उजेडाचं काम पाहायची. समोर किती उजेड आहे ते मोजून भिंगामागची झडप कमी-जास्त उघडायची, हे कॅमेऱ्याला शिकवणारा प्रोग्रॅम तिचा. अख्ख्या चित्राची सरासरी काढायची आणि ती मधल्या करड्या रंगावर आणून ठेवायची, एवढंच त्याला कळे. माणूस, मांजर, डोंगर, त्याला सगळं सारखंच.

धाकट्या बहिणीच्या, चिझुरूच्या, लग्नात वडिलांनी हौसेनं तो नवा कॅमेरा हातात घेतला. अजून बाजारात न आलेला. हात्सुएनंच चाचणीसाठी घरी आणलेला. देवळाच्या अंगणात बर्फ साचलेला आणि त्यात चिझुरू नखशिखान्त पांढऱ्या पोशाखात. एवढा पांढरा पाहून कॅमेऱ्यानं झडप मिटून घेतली, आणि नवरी राखेत लोळून आल्यासारखी दिसू लागली. मग काळ्या किमोनोतला नवरा पुढ्यात आला, तशी झडप सताड उघडली. आता नवरीला डोळे नाहीत, नाक नाही, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. वडिलांना छोट्या पडद्यावर हे दिसत होतं, पण करणार काय? झडप आहे तिथेच धरून ठेवायचं बटण त्या कॅमेऱ्याला नव्हतंच.

संध्याकाळी सगळ्यांनी टीव्हीवर चित्रण पाहिलं. नवऱ्याकडचे एक काका हसले आणि एकटेच हसतोय हे लक्षात येऊन गप्प झाले. आई चहाच्या निमित्तानं आत गेली. चिझुरू हळूच म्हणाली, "ताई, माझ्या लग्नात मी होते ना गं?"

हात्सुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बटण पहिल्या आराखड्यात होतं. ते काढलं होतं विभागप्रमुख कारासावांनी. बटण ठेवलं की गिऱ्हाईक म्हणणार, यांचा यांच्याच यंत्रावर भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी तिनं तेच चित्रण त्यांच्यासमोर लावलं. त्यांनी ते शांतपणे पाहिलं आणि चित्राच्या मध्यभागाला जास्त वजन द्या म्हणून सुचवलं. तिनं दिलं, मग मधे काळा कोट आला की पुन्हा तीच गत. झडपेची चाल मंद केली, तर घरातून अंगणात आल्यावर कॅमेरा कितीतरी वेळ आंधळा. चाल वाढवली, तर कुणी समोरून नुसतं गेलं तरी चित्र धाप लागल्यासारखं उजळे आणि विझे. एक भोक बुजवावं तर दुसरं पडायचं. जेवणाच्या सुट्टीत वाटीतल्या सोबा शेवया फुगून गोळा झाल्या, तरी ती पडद्यासमोरून उठली नाही. शेवटी ती पुन्हा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बर्फातली नवरी कितीजण काढतात, मिकोशिबासान?" कारासावांनी विचारलं.

"फार थोडे. पण त्यांना ती एकदाच काढायला मिळते."

त्यांनी टेबलावरचं कॅमेऱ्याचं कवच उचलून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, कवचाचा साचा तयार झालाय, त्याला आता नवं भोक पाडता येणार नाही. बटण मेनूत घाला. हात्सुएनं मुकाट्यानं मान डोलावली. मिळालं ते पदरात पाडून घ्यावं, दुसरं काय.

वसंतात कॅमेरा बाजारात आला. एका रविवारी तळ्यावरून वडिलांचा फोन आला. पाण्यावर ऊन चमकतंय आणि बदकं काळी ठिक्कर दिसतायत, ते तुझं बटण कुठंय? तिनं सांगितलं: मेनू उघडा, तिसऱ्या पानावर जा, खाली 'हातानं', त्यात पुन्हा आत. वडील टकटक दाबत राहिले. मधेच चित्रणच बंद पडलं, मग तारीख बदलली.

"सापडलं का, बाबा?"

"सापडलं. बदकं उडाली." मग ते म्हणाले, "घरात चप्पल दाराशी ठेवतात, पोरी. माळ्यावर नाही."

तिनं फोन आदळला. मग पुढच्या मॉडेलचा आराखडा ओढून घेतला आणि अंगठा जिथे टेकतो तिथे, कुणालाही न विचारता, पेननं एक गोल काढला. पेन्सिलनं काढला असता तर कारासावांनी खोडला असता.