भिंतीतून आलेला पाइप

फिटरचा माणसांवर विश्वास म्हणून नव्हता. आख्खा जन्म लोकांच्या मोऱ्या आणि टाक्या जोडण्यात गेलेला. माणूस सांगतो एक आणि पाइपातून येतं भलतंच, हे त्यानं इतक्यांदा बघितलं होतं की सख्ख्या भावानं "पाणी गार आहे" म्हटलं तरी हा बोट बुडवून बघायचा.

आणि अशा माणसाच्या पोरीनं पसंत कुणाला करावं? तर कोपऱ्यावरच्या जुन्या टायरच्या गोदामात नवीनच बिअर बनवायला लागलेल्या पोराला!

"दारूवाला?" फिटरनं विचारलं.

"बिअर बनवतो, बाबा. स्वतःच्या हातानं."

"वा! म्हणजे हात धुतलेत का तेही बघायला हवं."

"अहो, एकदा जाऊन तर या," बायको आतून ओरडली. "न बघताच तोंड कसलं वाकडं करता?"

पोरगी समोर येऊन उभी राहिली. "तो तुम्हाला ओळखत नाही. गुपचूप जा, बसा, प्या, काय तपासायचं ते तपासा. रात्री जेवताना हो की नाही ते एकदाच सांगा. नाही म्हणालात तर मी परत विषय काढणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण मग दुसऱ्या कुणाचा तुम्हीही काढायचा नाही."

पोरगी बापावरच गेलेली. बोलली म्हणजे बोलली. फिटर तसाच चपला अडकवून निघाला. पाकीट घरीच राहिलं, पण मागच्या खिशातला पाना काही राहिला नाही.

गोदामात आता टायरचा वास नव्हता, भाजलेल्या धान्याचा होता. मागं चकचकीत पिंप, पुढं लाकडी बाकं. ॲप्रन घातलेला एक काटकुळा पोरगा लगबगीनं आला.

"या काका. पहिल्यांदाच आलात ना?"

"का? मनाई आहे?"

"नाही हो! पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही छोट्या ग्लासातून चव देतो. आमच्याकडून."

फुकट देतो म्हणजे नक्की काहीतरी गोम आहे, फिटरनं मनाशी धरलं. पहिला ग्लास पिवळा होता. त्याला माहीत असलेली बिअर म्हणजे बाटलीतलं गार, कडू पाणी. ही जिभेवर आली ती नुकत्याच भाजलेल्या पावासारखी, आणि कडूपणा मागून आला, तोही दार वाजवून. मिशीला लागलेला फेस त्यानं पुसला नाही. चाटला. मग कुणी बघितलं तर नाही ना, ते बघितलं.

"कशी वाटली?"

"ओली आहे."

पोरगा हसला आणि काळी घेऊन आला. ती तर त्याहून वरचढ. कॉफी करपता करपता वाचावी तशी. फिटर आता खरंच घाबरला. इतकी चांगली गोष्ट सरळ मार्गानं होत नाही, हा त्याचा जन्माचा अनुभव.

तेवढ्यात त्याच्या कानावर आलं, टप. थोड्या वेळानं पुन्हा टप.

सगळी दुनिया बोलत बसली तरी गळती फिटरला ऐकू येते. ग्लास घेऊन तो आवाजामागं गेला. पिंपांच्या मागं, भिंतीतून एक पाइप आलेला. हात लावला तर चटका बसला. भिंतीपलीकडं काय? गल्लीतल्या मावशीची लाँड्री! पाइपावर व्हॉल्व्ह होता, आणि व्हॉल्व्हवर बाण असतो. पाणी जिकडं जातं तिकडं बाणाचं तोंड. माणूस खोटं बोलेल, बाण बोलत नाही. आणि हा बाण लाँड्रीकडून पिंपांकडं बघत होता.

फिटरच्या डोळ्यांसमोर सगळ्या गल्लीच्या चादरी आल्या. मोजे आले. त्यानं हातातल्या काळ्या बिअरकडं बघितलं. वर छान जाड फेस.

"हा फेस कसला, ते कळलं म्हणायचं," तो पुटपुटला. आता पोरीला हे कसं सांगायचं? पाहिलेलं सांगायलाच हवं, आणि सांगितलं की तिचं तोंड बंद झालं, कायमचं. त्या विचारात असताना हात आपला आपण वर गेला आणि ग्लास रिकामा झाला. स्वतःचीच चीड आली त्याला. रिकामा ग्लास घेऊन तो तरातरा लाँड्रीत शिरला.

"मावशी, तुमचं पाणी पलीकडं जातं का?"

मावशीनं इस्त्री उभी केली. "माझं कुठलं जातंय, फिटरभाऊ? त्याचं इकडं येतं. माल उकळला की तो गार करायला भोवतीनं पाणी फिरवतो. ते पाणी तापतं, मग माझ्या हौदात सोडतो. मला बंब पेटवायला नको."

"त्यात बिअर नाही?"

"नाही ना. पहिल्याच दिवशी चाखून बघितलं."

"बदल्यात काय घेतो?"

"काय घेणार? मीच त्याचे ॲप्रन धुते."

फिटरनं हौदाचा नळ सोडायला लावला. गरम पाणी भसाभसा आलं, ते पलीकडूनच. त्यानं हुंगलं, दोन बोटांत चोळलं. साधं पाणी.

तो परत गेला. "ए! हा व्हॉल्व्ह कुणी बसवला?"

"मीच, काका. दोन दिवस खपलो, बोटं सोलली."

"उलटा बसवलायस."

"पण चालतोय की."

"चालतोय आणि गळतोय! बाण कुठं बघतोय बघ. अशानं एखादा भला माणूस काय समजून बसेल? बंद कर पाणी."

पोरानं पाणी बंद केलं. फिटरनं मागच्या खिशातून पाना काढला, तसा पोरगा जागच्या जागी थिजला.

"तुम्ही... तिचे बाबा?"

"तिनं सांगितलं होतं मी येणार म्हणून?" फिटरचे डोळे बारीक झाले.

"नाही, शप्पथ! एकदा म्हणाली होती, बाबा पाकीट विसरतील पण पाना विसरणार नाहीत. आत्ता पाना दिसला म्हणून..."

फिटरनं त्याच्याकडं रोखून बघितलं. गळका जोड बघतात तसं. मग खाली बसला. "पाइप धर. असा नाही रे, खालून आधार दे. हां."

व्हॉल्व्ह फिरवून बसला, बाण लाँड्रीकडं झाला, पाणी सुटलं. दोघं कान देऊन उभे राहिले. टप नाही.

"रात्री जेवायला घरी ये," फिटर पाना पुसत म्हणाला. "मला एक गोष्ट एकदाच सांगायचीय. तू असलास तर पुन्हा सांगायला नको."

फिटर दारापर्यंत गेला आणि वळला.

"आणि ती काळी आण. तिच्यावरचा माझा संशय अजून गेलेला नाही."